ईव्हीची बॅटरी: ८० टक्क्यांवर थांबायचं की फुल करायची? (रात्री अडीचचा गजर)

गोडोलीकर_काका
मंडळी, नमस्कार. बँकेतून रिटायर झालो आणि पैसे आले तेव्हा एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली, ३० युनिटची बॅटरी आहे, घेऊन आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या धाग्यावर त्यावरून जुंपली होती. गाडी मस्त आहे, तक्रार नाही. प्रश्न चार्जिंगचा. विकणारा म्हणाला बिनधास्त फुल करा. मेव्हणा पुण्यात इंजिनिअर आहे, तो म्हणाला दाजी ८० च्या वर एक टक्का नेलात तर पाच वर्षांत बॅटरी काढून टाकावी लागेल आणि तिची किंमत ऐकून तुम्हाला झोप लागणार नाही. झोप आत्ताच लागत नाही. कारण माझ्या गाडीत ८० ला आपोआप थांबायची सोय नाही. मग मी रात्री दहाला प्लग लावतो आणि अडीचचा गजर लावून खाली जाऊन काढतो. बायको म्हणते पोरगं तान्हं होतं तेव्हा तुम्ही एक रात्र उठला नाहीत आणि आता डबड्यासाठी उठताय.
रोजचं चालवणं जास्त नाही, २०-२५ किमी. इथेच साताऱ्यात राजवाडा, मंडई, कधी सज्जनगड. महिन्यातून एकदा पुणे. ज्यांनी तीन-चार वर्षं गाडी वापरली आहे त्यांनी खरं काय ते सांगा.

शाहूपुरीचा_वाघ
काका, अडीचला उठून खाली जाताय, चोर समजून कुणी धुतला नाही अजून हे नशीब.

पुणे_सातारा_ट्रिप
काका मी धंद्याला लावली आहे गाडी. रोज पुणे जाऊन येऊन. १ लाख १८ हजार किमी झाले. ८० वगैरे काय पाळत नाही, रात्री घरी फुल करतो आणि दुपारी हायवेला फास्ट चार्जरवर लावतो, तेवढ्यात माझं जेवण होतं. नवी होती तेव्हा एका चार्जमध्ये २१० जायची आता १९० च्या आसपास जाते, एसी लावून. एवढ्यात माझे हप्ते फिटले. गाडी काय देव्हाऱ्यात ठेवायला घेतली का? वापरा की राव.

कोनावाला
वरच्यांशी सहमत नाही. माझी ह्युंदाई कोना आहे, मी रोज ८० च लावतो, लांब जायचं असेल तरच आदल्या रात्री १००. एकाचं चाललं म्हणून सगळ्यांचं चालेल असं नसतं. माझे मामा रोज विडी ओढून ८८ वर्षं जगले.

पुणे_सातारा_ट्रिप
मामा कुठली विडी ओढायचे तेवढं सांगा.

तासगावचा_बेदाणा
बॅटरीचा साधा नियम आहे. पूर्ण उतरवायची, मग पूर्ण भरायची. मधेच चार्जिंगला लावली की बॅटरीला तीच सवय लागते. आमच्या वडिलांनी फवारणीच्या पंपाची बॅटरी अशीच वर्षानुवर्षं चालवली.

चाकणचा_सेलवाला
बेदाणा भाऊ, तो नियम जुन्या निकेल-कॅडमियमचा, लिथियमला लागू नाही. लिथियम शून्यावर नेणं उलट वाईट. वडिलांच्या पंपाला नमस्कार, पण काकांना हे करायला लावू नका.
मूळचा कोरेगावचा, चाकणला बॅटरी पॅकच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ट्रिपवाले दादा आणि कोनावाले दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांच्या गाडीतला सेलच बहुधा वेगळा आहे. कोनामध्ये एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच गाड्यांत, टाटाच्या नेक्सॉनमध्ये किंवा बीवायडीच्या ब्लेड बॅटरीत, एलएफपी असतं, म्हणजे लोखंड आणि फॉस्फेट. एनएमसी फुल भरली की सेल ४.२ व्होल्टच्या आसपास ताणलेला राहतो, रोज तसा ठेवला तर लवकर थकतो, म्हणून ८०. एलएफपी स्वभावाने सोशिक. टेस्लासुद्धा आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी १०० करा सांगते आणि दुसऱ्या सेलवाल्यांना रोजचं ८०. कंपनी एक, सल्ले दोन. तेव्हा काका, आधी तुमच्या गाडीत काय आहे ते बघा, मॅन्युअलमध्ये नसेल तर सर्व्हिसवाल्याला विचारा. त्याशिवाय ८० की १०० हा प्रश्नच अर्धा आहे.
जाता जाता, हे एलएफपी १९९७ ला अमेरिकेत टेक्ससला गुडइनफ यांच्या लॅबमधून आलं, पेपरवर पहिलं नाव पाधी या आपल्या भारतीय माणसाचं. गुडइनफना २०१९ ला नोबेल मिळालं तेव्हा वय ९७.

शाहूपुरीचा_वाघ
९७! त्यांनी स्वतःला ८० वरच थांबवलं नाही हे बरं झालं.

विश्रामबागची_मावशी
छान माहिती. माझा प्रश्न जरा वेगळा आहे, धागा हायजॅक करत्येय, माफ करा. दिवाळीनंतर आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेला तीन महिने चाललोय. गाडी सांगलीत बंद राहणार. फुल करून प्लग लावून ठेवू का, म्हणजे आल्यावर तयार?

चाकणचा_सेलवाला
मावशी, नका. हेच सगळ्यात वाईट. ५०-६० टक्क्यांवर ठेवा, प्लग काढा, सावलीत लावा. बॅटरी दोन प्रकारांनी म्हातारी होते, एक वापरून आणि एक नुसती बसून. बसून होते ती जास्त छुपी. आत ग्रॅफाइटवर एक पातळ थर हळूहळू वाढत राहतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. भरलेली बॅटरी आणि उन्हाचा तडाखा, दोन्ही एकत्र आले की हे काम जोरात चालतं.

मिरज_जंक्शन
मावशी, आणि बोनेटखालची छोटी १२ व्होल्टची बॅटरी विसरू नका! आम्ही दीड महिना गावाला होतो, आलो तर गाडी उघडेचना. रिमोट दाबतोय, काय नाय. मोठ्या बॅटरीत ५५ टक्के आहेत पण गाडी जागं करणारी छोटी झोपलेली. शेवटी चावी घालून दार उघडलं आणि शेजारच्या रिक्षावाल्याने वायर लावून जंप दिला. आख्खी गल्ली बघत होती, लाखोंची इलेक्ट्रिक गाडी आणि रिक्षा तिला करंट देतेय. कुणाकडे तरी चावी देऊन जा, आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करून ठेवायला सांगा.

विश्रामबागची_मावशी
बाई गं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. भाच्याला सांगते. त्याला भडंग आणि गाडी दोन्ही देऊन जाते म्हणजे विसरणार नाही.

वायरमन_नाना
सगळे बॅटरीचं बोलताय, भिंतीतल्या वायरीचं कोण बोलणार? ३० वर्षं सातारा तालुक्यात वायरिंग करतोय, ईव्हीची पॉइंटं गेल्या तीन-चार वर्षांत बरीच काढली. लोकं लाखोंची गाडी घेतात आणि गिझरच्या जुन्या सॉकेटला लावतात. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी आठ-आठ तास ओढते. मागच्या उन्हाळ्यात वाढे फाट्याकडं एकानं बोलावलं, चार्जिंग मधेच बंद पडतंय म्हणून. सॉकेट उघडला तर एक पिन तपकिरी, बॅकेलाइट (सॉकेटचं कडक प्लास्टिक) फुगून आलेलं आणि आत वास फोडणी करपल्यासारखा. स्क्रू ढिला, बाकी काय नाय. एका ढिल्या स्क्रूनं घर गेलं असतं. ४ स्क्वेअर एमएमची वायर मीटरपासनं वेगळी ओढा, तिला वेगळी एमसीबी (लोड वाढला की लाइट तोडते ती) आणि आरसीसीबी (करंट गळला की तोडते ती), सॉकेट चांगल्यातला, आणि पहिल्या आठवड्यात तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट चालंल, चटका नको.
दुसरं अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा लागला की निम्म्या वेळा अर्थिंग नसतं. मग कोणतरी शहाणा न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनला जोडून देतो आणि दिवा हिरवा होतो. असं करू नका, न्यूट्रल तुटली तर आख्ख्या गाडीच्या पत्र्यात करंट येईल. खड्डा घ्या, प्लेट पुरा, मीठ-कोळसा घाला, आणि मार्च लागला की दर चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता.

शाहूपुरीचा_वाघ
म्हणजे पेट्रोल नको पण पाणी घालायला लागतंच.

वायरमन_नाना
हा की. आणि ते फुकट हाय.

तासगावचा_बेदाणा
आमच्या मळ्यात लाइट कधी येते कधी जाते, व्होल्टेज तर विचारूच नका. मधेच लाइट जाऊन आली तर बॅटरीवर परिणाम होतो का?

चाकणचा_सेलवाला
बॅटरीवर नाही. चार्जर गाडीच्या आत असतो, तो थांबतो, लाइट आली की बहुतेक गाड्यांत पुन्हा सुरू होतो. घरच्या १५ अँपिअरवरून जेमतेम ३ किलोवॅट जातात, ३० युनिटच्या पॅकला ती मुंगी चावल्यासारखी. ५० किलोवॅटचा फास्ट चार्जर म्हणजे त्याच पॅकला सोळा-सतरा पट ओढ. त्यानेही लगेच काही होत नाही, पण उष्णता वाढते. एप्रिलच्या दुपारी कराडहून १०० च्या स्पीडने दामटत आलात आणि तापलेली गाडी थेट रोज फास्टला लावलीत तर फरक पडतो. चहा घ्या, वीस मिनिटं थांबा, मग लावा. आणि ८० नंतर फास्ट चार्जर तसाही मंदावतो, तिथे १०० ची वाट बघत बसून मागच्याची लाइन अडवू नका.

पोवईनाका_पार्सल
थंडीत काय? वेण्णा लेकला दव गोठलं अशी बातमी दर वर्षी येते. बॅटरी पण गोठते का?

चाकणचा_सेलवाला
शून्याच्या खाली चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत जाण्याऐवजी वरच धातू होऊन साचतं, ते वाईट. पण ते गाडीतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा कंट्रोलर, सांभाळतो, आणि आपल्या साताऱ्यात १०-१२ डिग्रीला चार्जिंग फार तर हळू होईल. स्वेटर तुम्ही घाला, गाडीला नको.

मेढ्याची_लेक
महाबळेश्वरचा विषय निघालाच आहे तर माझा गाढवपणा सांगते. हॉटेलमध्ये चार्जिंग फुकट होतं म्हणून रात्रभर लावून सकाळी १०० करून निघालो. केळघरच्या घाटात लक्षात आलं की ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी धरतच नाहीये, नेहमी आपोआप मंद होते ना ती होईना. सगळा घाट ब्रेकवर. खाली आलो तर चाकाला वास. नंतर कळलं की उतारावर मोटर गाडीला धरते आणि त्यातून वीज बनवते, पण बॅटरी भरलेली असली की ती घालायला जागाच नसते.

चाकणचा_सेलवाला
एकदम बरोबर ताई. महाबळेश्वर ते सातारा सहाशे-साडेसहाशे मीटरचा उतार, सोळाशे किलोची गाडी धरली तर पावणेतीन युनिटच्या आसपास ऊर्जा, त्यातली निम्मी जरी परत आली तरी बरीच. वर राहायचं असेल तर ८५-९० ला थांबा, उरलेलं घाट भरतो.

शाहूपुरीचा_वाघ
फुकटचं १०० टक्के घेतलं आणि घाटानं व्याजासकट काढलं.

गोडोलीकर_काका
मंडळी, सगळं वाचलं. सर्व्हिसवाल्याला फोन केला, माझी एलएफपी निघाली. म्हणजे आठ महिने मी उगाच उठत होतो का? आणि त्याहून महत्त्वाचं, परवा जे झालं ते सांगतो, कारण आता मला संशय येतोय.
पुण्याहून येत होतो, पुतण्याच्या सोसायटीत ८० केली होती, नियमाप्रमाणे. खंबाटकी चढून सुरूरला आलो, ३१ दाखवत होती. पाचवडला २५. म्हटलं आरामात पोहोचतो. आनेवाडीचा टोल ओलांडला, लिंब खिंडीच्या अलीकडे बघतो तर ९. मधले आकडे गेले कुठे? मी काय उडत आलो? घाम फुटला. एसी बंद, काचा खाली, ४० च्या स्पीडने डावीकडून, ट्रक हॉर्न मारून जातायत, बायको शेजारी रामरक्षा म्हणतेय. ३ टक्क्यांवर घराच्या गेटात शिरलो. मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला सेकंडहँड घेतलीत ना, बॅटरी गेलेली असणार.

चाकणचा_सेलवाला
काका, बॅटरी गेली असं यावरून अजिबात म्हणता येणार नाही. माझा अंदाज उलटा आहे. तुम्ही आठ महिन्यांत एकदाही १०० केली नाहीत, म्हणून गाडी हिशोब चुकली.
कासचं पठार डोळ्यासमोर आणा. यवतेश्वरचा घाट चढताना नुसत्या उंचीवरून सांगता येतं की किती वर आलो. ती एनएमसी, प्रत्येक टक्क्याला व्होल्टेज बदलतं. पण एकदा पठारावर आलात की किलोमीटरभर चाला, उंची तेवढीच. एलएफपी सेल असा आहे, मधला मोठा पट्टा ३.२-३.३ व्होल्टवरच रेंगाळतो. मग गाडीला व्होल्टेज बघून कळत नाही ४० टक्के आहेत की ६०. ती आत किती गेलं आणि बाहेर किती गेलं याची नोंद ठेवते, पण त्यात रोज थोडी चूक राहते आणि साचत जाते. तुम्ही बँकेतले ना, पासबुक आणि लेजर आठ महिने जुळवलंच नाही असं समजा. १०० ला गेल्यावर पठार संपून कडा लागतो, व्होल्टेज एकदम वर चढतं, तिथे तिचा हिशोब पक्का होतो. खालच्या टोकालाही तसंच, म्हणून लिंब खिंडीपाशी तिला सत्य कळलं आणि आकडा धाडकन पडला.
शिवाय पॅकमध्ये शंभराच्या आसपास सेल एकामागे एक असतात. त्यातले काही मागे काही पुढे झालेले असतात, ते समपातळीला आणायचं काम बऱ्याच गाड्यांत शेवटच्या टप्प्यातच होतं. घरच्या सॉकेटवर, हळू, १०० करा आणि १०० दाखवल्यावरही दोन-तीन तास प्लग राहू द्या. असं दोन-तीनदा करा, मग बघा.

कोनावाला
हे मान्य. पण कुणी हे वाचून एनएमसीला रोज १०० ठोकू नये. आणि एलएफपीला पण १०० करून तशीच उन्हात आठवडाभर उभी करायची नाही ना?

चाकणचा_सेलवाला
नाहीच. एलएफपीला पण बसून म्हातारपण येतंच, फक्त सोसते जास्त. काकांचं बघा, दिवसाला २५ किमी म्हणजे वर्षाला नऊ हजार, एका चार्जला २०० किमी धरले तर पूर्ण भरून रिकामी अशी ४५ आवर्तनं. एलएफपी हजारांत आवर्तनं काढते. काकांची बॅटरी चालवून संपणारच नाही, संपली तर बसून संपेल. म्हणून त्यांनी १०० कधी तर आठवड्यातून एकदा किंवा पुण्याच्या आदल्या रात्री, बाकी मधल्या मधे काहीही. ट्रिपवाले दादा रोज भरतात पण रोज रिकामी पण करतात, भरलेली बसू देत नाहीत. म्हणून त्यांची बरी आहे.

पुणे_सातारा_ट्रिप
बघा, मी अडाणी पण बॅटरीची तब्येत राखून हाय.

कृष्णाकाठ
सांगलीकरांचा एक प्रश्न राहिलाच. पूर आला तर? २०१९ ला आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं.

चाकणचा_सेलवाला
पॅकला आयपी६७ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. कृष्णामाई अर्ध्या तासात उतरत नाही. पाणी वाढायच्या आधी गाडी उंचावर न्या, आणि बुडालीच तर चालू करू नका, चार्जिंगला तर लावूच नका, टो करून न्या.

मॉडरेटर
पुरावर वेगळा धागा काढावा ही विनंती.

शाहूपुरीचा_वाघ
पुरावर धागा काढून काय होणार मॉडरेटर साहेब, दोर पाहिजे.

वाई_एक्स्प्रेस
काका, एक अडाणी शंका. तुम्ही रिटायर आहात ना? मग रात्री का चार्ज करता? सकाळी फिरून आल्यावर लावा, दुपारी जेवायच्या आधी काढा. तुमच्या सॉकेटवर १० टक्क्यांना साधारण तास लागतो, ४० ची ८० चार तासांत. स्मार्ट मीटर असेल तर घरगुतीला ९ ते ५ मध्ये दरात सवलत पण आहे. छतावर सोलर असेल तर सोन्याहून पिवळं.

गोडोलीकर_काका
...
हे आठ महिन्यांत माझ्या, मेव्हण्याच्या आणि विकणाऱ्याच्या, तिघांच्या डोक्यात आलं नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

गोडोलीकर_काका
(सोळा दिवसांनी) अपडेट देतो म्हटलं. तीनदा १०० केली, सेलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे प्लग तसाच ठेवून. पहिल्या वेळी गंमत झाली, ९६ वर जवळजवळ तासभर अडकून बसली, मी घाबरून नानांना फोन केला, ते म्हणाले प्लग गरम हाय का, नाय ना, मग पेपर वाचत बसा. मग एकदम १००. काल पुण्याला जाऊन आलो. येताना पाचवडला २८, आनेवाडीला २५, घरी १८. आकडे शिस्तीत उतरले, एकही उडी नाही. मेव्हण्याला फोटो पाठवला, त्याने अंगठा दाखवला, शब्द नाही.
नानांनी येऊन सॉकेट बदलून दिला, जुना गिझरचाच होता, आतून पिवळा पडलेला निघाला. पैसे घेईनात, अर्धा किलो कंदी पेढे दिले.
आता सकाळी नऊला लावतो, साडेबाराला काढतो. रविवारी फुल. फक्त एकच आहे, अडीचला जाग अजून येते. गजर काढून टाकलाय तरी. उठतो, पाणी पितो, गॅलरीतून गाडी बघतो आणि झोपतो.

शाहूपुरीचा_वाघ
काका, गाडी कॅलिब्रेट झाली. तुमचं राहिलं.